ब्रायन रिक्स : हसवणारा नट, शेलीचा बाप

ओसरी (धागाकर्ती)

परवा कपाटातली जुनी कागदपत्रं आवरताना अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, पुन्हा तोच प्रश्न विचारला. "आमच्या मागे बाळूचं काय?" बाळू माझा धाकटा भाऊ. पन्नाशीचा आहे, त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे जन्मापासूनची बौद्धिक अक्षमता. अण्णा एक्क्याऐंशी वर्षांचे. हा प्रश्न आमच्या घरात गेली पन्नास वर्षं जेवणाच्या पानापासून देवघरापर्यंत फिरतोय. आई होती तेव्हा ती विचारायची, आता अण्णा विचारतात.

हाच प्रश्न इंग्लंडात एका विनोदी नटाने आधी स्वतःला आणि मग सरकारला, वर्षानुवर्षं विचारला. त्याचं नाव ब्रायन रिक्स. बरेच दिवस त्याच्याबद्दल लिहायचं मनात होतं, आज लिहिते.

जन्म २७ जानेवारी १९२४, यॉर्कशायरमधल्या कॉटिंगहॅमचा. वाढला हॉर्नसी नावाच्या समुद्रकाठच्या गावात. वडिलांचा जहाजांशी निगडित व्यवसाय, आईला नाटकाचं वेड, गावातली हौशी नाटकं तीच बसवायची. पोराला मात्र यॉर्कशायरकडून क्रिकेट खेळायचं होतं. ते राहिलं आणि अठराव्या वर्षी तो डोनल्ड वुल्फिट यांच्या नाटक कंपनीत शिरला. मोठी बहीण शीला मर्सियर हीसुद्धा नटी झाली. पुढे एका दूरचित्रवाणी मालिकेतल्या शेतकरी घरातली आई म्हणून ती घराघरात पोचली. मध्ये युद्ध आलं. हवाई दलात आणि कोळशाच्या खाणीतही त्याने दिवस काढले. १९४८ मध्ये इल्कली या गावी स्वतःची नाटक कंपनी काढली. १९४९ मध्ये एल्स्पेट ग्रे ही नटी त्या कंपनीत आली आणि त्याच वर्षी दोघांचं लग्न झालं.

सप्टेंबर १९५० मध्ये लंडनच्या व्हाइटहॉल थिएटरात त्याचं 'रिलक्टंट हीरोज' लागलं. सैन्यात सक्तीने भरती झालेल्या पोरांचा फार्स. त्याचे १,६१० प्रयोग झाले! पुढची सोळा वर्षं त्या एकाच थिएटरात एकामागून एक फार्स चालले, त्यातले पहिले चार तर प्रत्येकी हजाराच्या वर गेले. 'व्हाइटहॉल फार्स' हे नावच पडलं. रिक्स बहुधा बावळट, भोळा, गोंधळलेला माणूस व्हायचा आणि प्रयोगात कधी ना कधी त्याची विजार घसरायची. आयुष्यात हजारो वेळा घसरली असेल. बीबीसीने हे फार्स थेट प्रक्षेपित केले, त्यामुळे ज्यांनी लंडन पाहिलंही नाही अशा लाखो घरांत तो पोचला.

आता खरी गोष्ट.

१९५१ च्या अखेरीस त्यांना पहिली मुलगी झाली. शेली. पहिला प्रयोग होऊन सव्वा वर्ष झालं होतं, थिएटर रोज भरत होतं. डॉक्टरांनी सांगितलं की मुलगी 'मंगोल' आहे. डाउन सिंड्रोमला तेव्हा हाच शब्द वापरत. आणि सल्ला दिला की हिला कुठेतरी ठेवून द्या, विसरून जा आणि दुसरं मूल होऊ द्या.

माणूस सत्तावीस वर्षांचा. दिवसा हे ऐकायचं आणि संध्याकाळी रंग लावून प्रेक्षकांना हसवायचं. मी नाटकात कधी काम केलेलं नाही, पण आमच्या आईने बाळू झाल्यावर तिसऱ्या आठवड्यात शाळेत जाऊन चौथीच्या वर्गाला हसतमुखाने बडबडगीतं शिकवली होती, हे मला माहीत आहे. त्यामुळे रिक्सच्या त्या संध्याकाळींपाशी माझं मन फार वेळ थांबतं.

त्यांनी सल्ला ऐकला. अर्धाच ऐकला. शेलीला संस्थेत ठेवलं. आधी एका खाजगी जागी, नंतर लंडनजवळ टेडिंग्टनच्या नॉर्मन्सफील्ड रुग्णालयात. विसरले मात्र नाहीत. सरकारी मदत काय मिळते याची चौकशी केली तर जवळजवळ काहीच नव्हतं. मोठमोठी जुनी रुग्णालयं, त्यांत ओळीने लावलेले पलंग, बस्स. शाळा नाही. म्हणजे कायद्यानेच नाही. इंग्लंडमध्ये अशा मुलांना 'शिकवण्यास अयोग्य' ठरवून शिक्षण खात्याच्या बाहेर काढता येत होतं. १९७० चा कायदा झाला आणि एप्रिल १९७१ पासून तो लागू झाला, तेव्हा पहिल्यांदा प्रत्येक मुलाला शाळेचा हक्क मिळाला. शेली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. तिची शाळा हुकली ती हुकलीच.

रिक्स आणि एल्स्पेट निधी गोळा करणं, पालकांना भेटणं, भाषणं देणं यात साठच्या दशकापासूनच होते. नॉर्मन्सफील्डच्या हितचिंतक मंडळाचा तो अध्यक्ष होता. १९७७ मध्ये रोजचा रंगमंच त्याने सोडला. १९७८ मध्ये बीबीसीवर 'लेट्स गो' नावाचा कार्यक्रम सुरू केला. बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रेक्षकांसाठीच केलेला तो ब्रिटनमधला पहिला कार्यक्रम. बसमध्ये कसं चढायचं, दुकानात काय बोलायचं, अशा साध्या गोष्टी. तोवर टीव्हीवर या लोकांविषयी बोललं जाई, त्यांच्याशी कुणी बोलत नसे.

मग १९८० मध्ये 'मेन्कॅप' या बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला सरचिटणीस हवा असल्याची जाहिरात त्याने वर्तमानपत्रात पाहिली. ही संस्था १९४६ मध्ये ज्यूडी फ्रायड या आईने सुरू केली होती, तिच्या मुलीला शाळा मिळत नव्हती म्हणून. रिक्सने रीतसर अर्ज केला. छप्पन्न वर्षांचा नामवंत नट, मुलाखत देऊन नोकरीला लागला! १९८७ पर्यंत सरचिटणीस, १९८८ ते ९८ कार्याध्यक्ष, त्यानंतर मरेपर्यंत अध्यक्ष. १९८६ मध्ये 'सर' झाला, १९९२ मध्ये लॉर्ड. उमरावपदासाठी त्याने दोन जागांची नावं निवडली: व्हाइटहॉल आणि हॉर्नसी. जिथे विजार घसरली ती जागा आणि जिथे वाढला ती जागा. मला हे फार आवडलं.

लॉर्ड्समध्ये, म्हणजे ब्रिटिश संसदेच्या वरच्या सभागृहात, तो कुठल्याच पक्षात बसला नाही. अपंगांविषयीचं विधेयक आलं की हा उभा. सांभाळ करणाऱ्या आईबापांना अधूनमधून चार दिवस सुटी मिळावी, तेवढ्यापुरती मुलाची सोय सरकारने करावी, हा मुद्दा त्याने वर्षानुवर्षं लावून धरला. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनाच कळेल की चार दिवस म्हणजे काय. आमची आई अठ्ठेचाळीस वर्षांत एकदाही माहेरी एकटी राहिली नाही.

शेली २००५ मध्ये गेली. एल्स्पेट २०१३ मध्ये. रिक्स २० ऑगस्ट २०१६ रोजी, ब्याण्णवाव्या वर्षी, नटांसाठीच्या डेन्व्हिल हॉल या वृद्धाश्रमात गेला.

त्याला संत करायला मी हे लिहिलेलं नाही. लोकांनी सांगितलं तसं त्याने केलं, आणि मग दुसऱ्या कुठल्या आईबापांना तसं कुणी सांगू नये म्हणून उरलेलं आयुष्य घातलं. मला हा माणूस त्यासाठीच जवळचा वाटतो.

---

नेपथ्यवाला

ओसरीताई, सुंदर लिहिलंत. मी हौशी रंगभूमीवर तीस वर्षं पडदे ओढलेत, म्हणून फार्सबद्दल थोडं.

आपल्याकडे बबन प्रभू आणि आत्माराम भेंडे यांनी फार्स रुजवला. ज्यांनी तो केलाय त्यांना विचारा, गंभीर नाटकापेक्षा अवघड. दार अर्धा सेकंद उशिरा उघडलं की हशा मेला. आणि मुख्य म्हणजे फार्समधला माणूस स्वतः हसत नाही. त्याच्यावर खरोखरच आभाळ कोसळलेलं असतं, तो जीव तोडून निस्तरायला बघतो आणि म्हणून लोक हसतात. रोज रात्री तेवढ्याच जिवाच्या आकांताने तेच संकट निस्तरायचं, १,६१० वेळा. सरकारी दारं ठोठावायला याहून चांगली तालीम कुठली? मंत्री बदलतात, तुमचं वाक्य तेच, आणि ते पहिल्यांदाच म्हणतोय असं म्हणावं लागतं.

एक भर. १९६६ नंतर त्याचं बस्तान व्हाइटहॉलहून गॅरिक थिएटरला हललं. आणि मेन्कॅपची सरचिटणीसकी सोडल्यावर तो आपल्या जुन्या 'ड्राय रॉट' या फार्समध्ये पुन्हा उभा राहिला, साठी उलटून गेल्यावर.

---

निशिगंध७९

लेख वाचला. मनापासून लिहिते, राग मानू नका.

माझा मुलगा नऊ वर्षांचा, डाउन सिंड्रोम. तो झाला तेव्हा इस्पितळात एका बाईंनी मलाही असंच काहीतरी सुचवलं होतं. मी त्याच रात्री ठरवलं की पोर माझ्या कुशीतून हलणार नाही. नोकरी सोडली. त्यामुळे ज्या घराने आपलं लेकरू संस्थेत दिलं त्या घराचं कौतुक वाचताना घशात काहीतरी अडकतं. पैसा होता, नाव होतं. मग ठेवायचं होतं घरी. आधी मुलीला दिलं आणि मग समाजसेवा केली, हे मला पटत नाही.

---

ओसरी

निशिगंधताई, राग कसला. हाच प्रश्न मीही विचारला होता.

माझ्यापुरतं उत्तर असं. १९५१ मध्ये तिथे घरी ठेवणं म्हणजे शाळा नाही, दिवसाचं केंद्र नाही, घरी येणारं कुणी नाही. आणि डॉक्टर म्हणजे देव. आमच्या आईलाही डॉक्टर म्हणाले होते की हा दहा वर्षांवर जगणार नाही, जीव लावू नका. आईने ऐकलं नाही, कारण आजी दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आमच्या घरात ताट वाढलं की वाढलं." आजी नसती तर काय झालं असतं हे मला खरंच सांगता येत नाही. आई त्या वेळी चोवीस वर्षांची होती.

रिक्सच्या दारात अशी आजी नव्हती. पुढे तो स्वतःच इतरांच्या दारात तसा उभा राहिला.

पण तुमच्या घशातला आवंढा मला समजतो. तो राहू द्या. त्याच्याही घशात तो असणार असं मला वाटतं.

---

थेम्सकाठ

मी किंग्स्टनजवळ राहतो, नॉर्मन्सफील्ड इथून बसने जवळ. दोनदा गेलोय, म्हणून सांगतो.

ही जागा काढली होती जॉन लँग्डन डाउन यांनी, १८६८ मध्ये. होय, ज्यांच्या नावाने हा सिंड्रोम ओळखला जातो तेच डाउन. त्यांनी १८६६ मध्ये त्याचं वर्णन केलं. 'मंगोल' हा शब्द त्यांच्याच मांडणीतून आला, तो वाईटच. पण त्यांनी संस्थेत जे केलं ते त्यांच्या काळापुढचं होतं: मारहाण नाही, स्वच्छता, सुतारकाम, बागकाम, संगीत. आणि १८७९ मध्ये तिथे चक्क नाट्यगृह बांधलं. ते अजून आहे. छोटंसं, रंगमंचाच्या चौकटीवर फुलापानांची आणि पक्ष्यांची रंगवलेली पॅनेल्स. मुलं आणि सेवक मिळून तिथे नाटकं करायचे.

ज्या नटाची मुलगी या आवारात राहिली त्या आवारात शंभर वर्षं जुनं थिएटर होतं, हे त्या खुर्चीत बसल्यावर अंगावर येतं.

मधला काळ मात्र वाईट. संस्था सरकारी आरोग्यसेवेकडे गेली, गर्दी वाढली, इमारती खंगल्या. मे १९७६ मध्ये तिथल्या परिचारकांनी प्रमुख मानसोपचारतज्ज्ञाच्या कारभाराविरुद्ध संप पुकारला आणि ते वॉर्डांतून बाहेर पडले. चौकशी बसली, १९७८ मध्ये अहवाल आला. त्यातलं वर्णन वाचवत नाही. १९९७ मध्ये रुग्णालय बंद झालं. आता तिथे डाउन्स सिंड्रोम असोसिएशनचं कार्यालय आणि बौद्धिक अक्षमतेच्या इतिहासाचं संग्रहालय आहे.

आणखी एक. डाउन यांच्या मृत्यूनंतर १९०५ मध्ये त्यांच्या घरात जो नातू जन्मला त्याला डाउन सिंड्रोम होता. रिक्स यांच्याही एका नातवाला आहे. तो आपल्या घरात, आईबापांजवळ वाढला. आजोबांच्या हयातीतच एवढा फरक पडला.

---

निशिगंध७९

थेम्सकाठ, नातवाचं वाचून बरं वाटलं. ओसरीताई, तुमच्या आजीला नमस्कार.

---

नाडीपरीक्षा

बालरोगतज्ज्ञ आहे, आता निवृत्त. ओसरीताईंच्या आईला दिलेला सल्ला क्रूर होता, पण 'दहा वर्षं' हा आकडा त्या काळच्या पुस्तकांतून आलेला होता. १९५० च्या आसपास या मुलांचं सरासरी आयुष्य बारा-पंधरा वर्षांचं धरलं जाई. निम्म्याच्या आसपास मुलांना जन्मतः हृदयाचा दोष असतो आणि त्याची शस्त्रक्रिया तेव्हा नव्हती. पुढे असूनही 'अशा' मुलांवर कशाला, म्हणून केली जात नसे. न्यूमोनिया झाला की संपलं. आज चांगली सोय असलेल्या देशांत सरासरी साठीपर्यंत जाते.

म्हणजे "आमच्या मागे काय" हा प्रश्न माणसाच्या इतिहासात नवा आहे. पूर्वी मुलंच आधी जात.

शब्दाबद्दल. १९५९ मध्ये पॅरिसला जेरोम लजन आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की एकविसाव्या क्रमांकाचं गुणसूत्र एक जास्तीचं असतं. १९६१ मध्ये काही शास्त्रज्ञांनी 'मंगोल' शब्द टाकून द्यावा असं पत्र लिहिलं आणि १९६५ मध्ये, मंगोलिया देशाने विनंती केल्यावर, जागतिक आरोग्य संघटनेने तो सोडला. आमच्या वॉर्डांत मात्र 'मंगोल बेबी' हे शब्द मी ऐंशीच्या दशकातही ऐकले. मीही वापरले. आता लाज वाटते.

---

काळा_फळा

विशेष शाळेत शिकवते. रिक्स यांच्या कामाची एक टीकेची बाजूही लिहायला हवी.

मेन्कॅपचं बोधचिन्ह बरीच वर्षं एका केविलवाण्या चेहऱ्याच्या मुलाचं होतं, त्याला 'लिटल स्टीफन' म्हणत. पैसे गोळा व्हायचे, पण अपंगत्व असलेल्या लोकांना आणि त्यांच्या चळवळीला ते अपमानास्पद वाटे. आम्ही दयेचा विषय नाही, आणि प्रौढ माणसं आहोत, लहान मुलं नाही, असं त्यांचं म्हणणं. १९९२ मध्ये ते चिन्ह काढलं, रिक्स तेव्हा कार्याध्यक्ष होते. संस्थेच्या नावातला 'मेंटली हँडिकॅप्ड' हा भाग जायला २००२ उजाडलं.

आमच्याकडेही देणगीच्या पत्रकावर अजून रडवेला चेहराच छापतात. मी दरवर्षी भांडते. आमची मुलं संमेलनात नाचतात तेव्हाचे फोटो काय कमी आहेत?

---

सांजवेळ

रिक्स यांनी शेवटच्या दिवसांत इच्छामरणाबद्दल पत्र लिहिलं होतं ना? त्यावर कुणी लिहिलं नाही. अपंगांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या माणसाने तसं म्हणावं याने तेव्हा बरेच लोक दुखावले असतील.

---

ओसरी

हो. लेखात टाळलं, कारण दोन ओळींत मावणारं नव्हतं. तुम्ही काढलंत ते बरं झालं.

२००६ मध्ये लॉर्ड्समध्ये मरणासन्न रुग्णाला मरण्यासाठी वैद्यकीय मदत घेऊ देणारं विधेयक आलं तेव्हा रिक्सने विरोध केला होता. भीती अशी की उद्या बोलू न शकणाऱ्या, कुणावर अवलंबून असलेल्या माणसांवर याचा वापर होईल. त्यांना 'ओझं' म्हणणारे कमी नाहीत. शेलीच्या बापाने ही भीती बाळगणं मला शंभर टक्के समजतं.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये, स्वतः अंथरुणावर असह्य त्रासात असताना, त्याने लॉर्ड्सच्या सभापतींना पत्र लिहिलं की माझं मत बदललं आहे. मी कित्येक आठवडे मरतो आहे, घरच्यांची संमती आहे, पण शांतपणे झोपेत जाऊ देणारा कायदा नाही. असा त्याचा आशय. काही दिवसांत तो गेला.

मला वाटतं त्याचं २००६ चं म्हणणं दुसऱ्यांसाठी होतं आणि २०१६ चं स्वतःसाठी. दोन्ही खरं होतं. बाळूच्या बाबतीत मात्र मी २००६ च्या रिक्सबरोबर आहे. बाळूला ताप आला तरी दुखतं कुठे ते सांगता येत नाही, आणि त्याच्या वतीने असली सही करायला मी कुणालाही देणार नाही.

---

सांजवेळ

समजलं. पटलंही. धन्यवाद.

---

तळेगावकर

ओसरीताई, मूळ प्रश्नाकडे येतो, कारण लेखाची सुरुवात अण्णांपासून केलीत. बाळूच्या पालकत्वाची कागदपत्रं केलीत का?

आमच्या मेव्हण्यासाठी मी सगळं केलंय म्हणून सांगतो. अठरा वर्षं पूर्ण झाली की आईवडील कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत, हे बऱ्याच घरांत माहीतच नसतं. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली बौद्धिक अक्षमता, स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी आणि बहुविकलांगता असलेल्या व्यक्तीसाठी कायदेशीर पालक नेमता येतो. कोर्टात जावं लागत नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक स्तरीय समिती असते, तिच्याकडे अर्ज करायचा. दिव्यांगत्वाचा दाखला, वयाचा पुरावा, पालक होणाऱ्याची संमती लागते. अण्णा आहेत तोवरच करा, त्यांच्या समोर तुमचं नाव लागलं तर त्यांच्या जिवाला स्वस्थता येईल. त्याच न्यासाची 'निरामय' आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची. तीही घ्या.

राहायच्या जागेचं मात्र आपल्याकडे अजून फार थोडं आहे. मेन्कॅपने १९९८ मध्ये घरांसाठी 'गोल्डन लेन हाउसिंग' ही वेगळी संस्था काढली, चार-पाच जण मिळून नेहमीच्या वस्तीत राहतात आणि मदतनीस येऊन जातात. तसं आपल्याकडे पालकांनी एकत्र येऊनच करावं लागेल.

---

काळा_फळा

तळेगावकर काकांना अनुमोदन. आमच्या शाळेतल्या सहा पालकांनी असं बोलायला सुरुवात केली आहे. निशिगंधताई, ओसरीताई, तुम्हाला चालणार असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

---

ओसरी

तळेगावकर काका, खरं सांगते, दाखला आहे, बाकी काहीच केलेलं नाही. आईच्या आजारपणात राहून गेलं, आणि नंतर अण्णांसमोर विषय काढायचा धीर होत नव्हता. तुमचा प्रतिसाद त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. दोनदा वाचायला लावला. मग उठले, कपाटातून बाळूची फाईल काढली आणि जन्मदाखला वरती ठेवला. सोमवारी कलेक्टर कचेरीत जातोय, बाळूलाही नेणार आहोत. त्याने नवा शर्ट आत्ताच काढून खुर्चीवर टाकलाय.

काळा_फळा, जरूर व्यनि करा.